दोरीला लोकर

"वैनी, हे पाहा!"

रूपरावने चरवी सुलोचनाबाईंच्या पुढ्यात उपडी केली. दोन थेंब ओट्यावर पडले आणि तिथेच जिरले.

"एवढं दूध! तुमच्या पोट्ट्याइनं धनुष्य वाजवलं का माही गाय पान्हा चोरते. वरून लाथ मारली ते येगळंच. आष्टीच्या बाजारातून निवडून आनली, अस्सल गवळाऊ, आन् चहाले दूध शेजाऱ्याच्या घरून!"

"गायीले समजवा ना, बाण तिच्याकडं येत नाई म्हणून."

"तिले समजवून समजलं असतं त तुमच्याकडं कायले आलो असतो?"

खळ्यावर धनुष्य घेऊन उभ्या असलेल्या चार मुली फिसकन हसल्या. रूपराव वळला.

"हसा व, हसा. सोमवारी खळ्याले काटे लावतो. मंग हसजा."

तो गेला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. रूपराव सुलोचनाबाईंचा धाकटा दीर. तोंडाचा फाटका, पण बोललं ते करणारा. आणि खळं त्याच्याच वाटणीचं. धान्य मळायचं यंत्र शेतावर येऊ लागल्यापासून खळ्याला काम उरलं नव्हतं. म्हणून थोरल्या भावाने, सुलोचनाबाईंच्या नवऱ्याने, प्रेमदासने, तिथे मातीचा बांध घालून त्याला चिंध्यांनी ठासलेली पोती टेकवली आणि गावातल्या पोरांना बाण मारायला शिकवलं. प्रेमदास होता तोवर हे खळं कुणाचं, असं कुणी विचारलंच नाही.

बाकी जागा तरी कुठे होती? गावाभोवती कपाशी आणि तूर. शाळेचं मैदान रस्त्याला लागून. धाम नदीच्या काठावर पवनारच्या आश्रमात आलेली माणसं सदा हिंडत असायची. खळं गेलं की धनुष्य माळ्यावर जाणार आणि मुली आपापल्या घरी. त्या चौघींतल्या मयुरीची जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आली होती.

प्रेमदास बांबूची धनुष्यं स्वतः करायचा. बांबू चुलीच्या धुरावर महिनोन् महिने वाळवायचा, मग विळ्याने तासत बसायचा. सुलोचनाबाई अंगणवाडीत सेविका होत्या. संध्याकाळी घरी आल्या की धनुष्याच्या दोऱ्या वळणं त्यांच्याकडे. बाण त्यांनी आयुष्यात कधी मारला नाही. पण त्यांच्या सैपाकघराची खिडकी खळ्यावर उघडायची. खिडकीकडे पाठ करून त्या भाकरी थापायच्या आणि कान मागे असायचा. बोटं नीट सुटली की दोरी खणखणीत वाजे. बोटं अडखळली की खरवडल्यासारखी वाजे. खांदा पडला की आवाज बसका यायचा. असं वर्षानुवर्षं ऐकता ऐकता एक दिवस त्या तव्यावरूनच ओरडल्या होत्या, "खांदा पाडू नको व!" प्रेमदास पोट धरून हसला होता. "घ्या! आपली मास्तरीण चुलीपाशी बसली हाये."

प्रेमदास गेला, आणि तेरवी उरकली तशी मुली धनुष्यं घेऊन अंगणात येऊन उभ्या राहिल्या. सुलोचनाबाईंनी बाज बाहेर काढली, खळ्याच्या कडेला टाकली आणि तिच्यावर बसल्या. तेव्हापासून त्याच शिकवत होत्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांसमोरचा मधला भाग धुरकट होत गेला होता. समोर माणूस उभा असला तर कडा दिसे, तोंड दिसत नसे. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुकला आहे, चष्म्याने काही व्हायचं नाही. त्या मुलींकडे तोंड करून बाजेवर बसत आणि सगळं कानाने बघत.

त्यामुळे त्या दिवशी भाजी निवडताना त्यांचा हात पुन्हा पुन्हा थांबत होता. आवाज ठेवला तर खळं जातं. आवाज घालवला तर आपण जातो. संध्याकाळी मुली आल्या तेव्हा भाजी तशीच बाजूला सारून त्या म्हणाल्या, "धनुष्य चुप करा लागते. मऊ काईतरी आना, दोरीले बांधू."

रुचिका धावत जाऊन घरचा कापूस घेऊन आली. कापसाच्या मुलखातल्या पोरी. मऊ म्हटलं की हात कापसाकडेच जाणार. दोरीच्या दोन्ही टोकांपासून वीतभर आत कापसाचे गोंडे बांधले. त्या संध्याकाळी आवाज थोडा उतरला, म्हणून सगळ्या खूश. सकाळी दव पडलं. कापूस भिजून जड झाला आणि पहिला बाण पोत्याच्या पुढ्यातच लोळला. तिसऱ्या बाणाला गोंडा सुटून मयुरीच्या नाकावर बसला. गोठ्यातून रूपराव ओरडला, "आता काय गाद्या भरून राह्यल्या का व?"

दुपारी सुलोचनाबाईंनी पेटीतून प्रेमदासचं घोंगडं काढलं. त्याचा एक कोपरा उसवला आणि लोकर मोकळी केली. लोकरीला कापसासारखं दबून बसणं ठाऊक नाही. दोरीवर ती फुलून उभी राहिली. आवाज निम्मा झाला. पण निम्मा राहिलाच.

"आन् हात झिनझिन करते, आजी," मयुरी म्हणाली. "कोपरापर्यंत येते. आधी असं नोतं होत."

"आधी म्हणजे?"

"आजोबा होते तवा." प्रेमदासला सगळ्या मुली आजोबाच म्हणत.

सुलोचनाबाईंनी तिचं धनुष्य मांडीवर घेतलं. मूठ वळून अंगठा उभा केला आणि ती मूठ दांडा आणि दोरी यांच्या मध्ये धरली. प्रेमदासचं हे माप. मूठ आणि वर उभा अंगठा, एवढी फट हवी. इथे अंगठा मावेना. दोरी ताणून ताणून सैल पडली होती आणि सुटली की फार आत येऊन आदळत होती. त्यांनी दोरी उतरवली, पीळ देऊन आखूड केली, परत चढवली. मग बाण हातात घेतला. वजन न लागल्यासारखा.

"हा कोनं तासला?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

"मीनं," मयुरी पुटपुटली. "हलका बाण सरळ जाते. म्हून सगळ्याइचेच तासले."

"भरली बैलबंडी चुपचाप जाते, व माय. रिकामी खडखडते. धनुष्याचा जोर बाणानं न्यावा लागते. तो हलका असला का नेत नाई. उरलेला जोर मंग दोरीत वाजते आन् तुह्या हातात झिनझिनते." त्यांनी माळ्याकडे बोट केलं. "तुह्या आजोबाचे बाण वर हायेत. काढ."

"ते जड हायेत. खाली पडतीन. निवड जवळ आली, आजी!"

"खाली पडते त वर धर. दुसरं काय?"

मयुरीने तोंड वाकडं केलं, पण माळ्यावर चढली. चौघींनीही जड बाण घेतले, दोऱ्या आखूड करून लोकर बांधली आणि मुठींना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. रविवारी संध्याकाळी मयुरी बाजेपुढे उभी राहिली आणि तिने बाण सोडला. सुलोचनाबाई कान देऊन बसल्या होत्या. घडी घातलेलं पांघरूण बाजेवर टाकावं तेवढंच काही ऐकू आलं. बोटं कशी सुटली, खांदा कुठे होता, काही कळलं नाही.

"कसा गेला, आजी?"

"बरा गेला."

मयुरी बाण आणायला गेली. सुलोचनाबाईंनी काठी शोधली आणि घरात गेल्या.

सोमवारी सकाळी रूपराव बाभळीच्या फांद्यांचा भारा ओढत आला. तो खळ्याच्या तोंडाशी टाकून गोठ्यात शिरला. मुलींनी मारायला सुरुवात केली. सुलोचनाबाई गोठ्याच्या कुडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडावर धरलेला. आत गायीने शेपूट झटकलं. वासरू हुंदडलं. मग चरवीच्या बुडावर पहिली धार वाजली, दुसरी वाजली, आणि पाहता पाहता आवाज जाड होत गेला, फेसात बुडाला. सुलोचनाबाईंनी कुडाला हात टेकला.

रूपराव बाहेर आला. फेस चरवीच्या काठावरून ओघळत होता.

"वैनी, आज पोट्ट्याइले सुट्टी देल्ली का?"

"काका, तिसरी फेरी चालू हाये!" खळ्यावरून रुचिका ओरडली.

रूपरावने चरवी खाली ठेवली. खळ्यावर जाऊन मयुरीच्या दोरीवरच्या लोकरीला बोट लावून पाहिलं. भावाच्या घोंगड्याचा काळा रंग त्याने ओळखला असावा, कारण त्याने ती चिमटीत धरून पुन्हा एकदा चोळून पाहिली. मग भाऱ्याकडे वळला.

"हे काटे वाडीतल्या वांग्याले लावतो. डुकरं लय झाले." आणि चार पावलं गेल्यावर, "वैनी, चहा मांडा. दूध माह्याकडचं."

मुलींनी एकच गिल्ला केला. सुलोचनाबाईही हसल्या, डोळे पुसले, आणि चाचपडत बाजेपाशी आल्या. बसल्या मात्र नाहीत.

"पोरीहो, आता तुमी दुसरं कोनी पाहा. मले दिसत नाई. मी आवाजावर सांगत होती. आता आवाज नाई."

"आमाले मालूम हाये," रुचिका म्हणाली.

"काय मालूम हाये?"

"दिसत नाई ते. परवा तुमी रूपरावकाकाच्या बनियनले म्हटलं, मयुरी, सरळ उभी राह्य. ते दोरीवर वाळत होतं."

"आन् काल माहा बाण पोतं सोडून मातीत घुसला," मयुरी म्हणाली. "तुमी म्हटलं, बरा गेला. एवढं खोटं तुमी कधी बोलत नाई."

सुलोचनाबाईंनी एवढंच विचारलं, "मंग सांगितलं काऊन नाई व?"

"तुमी कुठी सांगितलं?"

मयुरीने त्यांचा हात धरला, आपल्या मागे नेलं आणि तळवा पाठीवर टेकवून घेतला, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. "इथीसा धरा. अशी मारतो."

तिने धनुष्य उचललं. सुलोचनाबाईंच्या हाताखाली पाठ हळूहळू भरली. दोन हाडं एकमेकांकडे सरकली आणि थांबली. श्वास अडला. मग एक बारीक धक्का, आणि सगळं सैल.

"उजवा खांदा पाडला," त्या म्हणाल्या.

"हाव, पाडला," मयुरी म्हणाली आणि दुसरा बाण लावला.

मागे बाकीच्या तिघींनी आपापले स्वेटर काढून बाजेवर टाकले आणि आजीच्या हाताची वाट बघत थंडीत रांगेने उभ्या राहिल्या.