बाथटबातलं राष्ट्रीय फूल

मित्रांनो, मी एक जुना बाथटब आहे. हसा, आधी हसून घ्या. झालं? मी बिडाचा आहे. वर पांढराशुभ्र मुलामा, खाली वाघाच्या पंजासारखे चार पाय. मला सरकारी विश्रामगृहात चढवताना सहा हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. एवढा मान आजकालच्या प्लास्टिकच्या बादलीला मिळेल का?

तीस वर्षं मी मोठमोठ्या साहेबांना आंघोळी घातल्या. बाहेर ज्यांच्यासमोर माणसं चळाचळा कापायची, ते माझ्यात बसून बेसूर गायचे. मी कधी कुणाला सांगितलं नाही. मग भिंतीवर शॉवर आला आणि मी शेजारच्या कार्यालयाच्या मागच्या अंगणात आलो. माझ्यात मोडक्या खुर्च्या पडल्या. एका मांजरीची तीन बाळंतपणं झाली. तिने निदान दर वेळी मला चाटून स्वच्छ तरी केलं.

एक दिवस परिपत्रक आलं. प्रत्येक कार्यालयाने राष्ट्रीय फूल लावावं, फुलवावं, तपासणी होईल. आमचं राष्ट्रीय फूल कमळ. आणि आमचे मुख्य कारकून असे टापटिपीचे, की टाचण्यासुद्धा रांगेत झोपवायचे. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना चकाचकराव म्हणत. त्यांनी सहा कुंड्यांत स्वच्छ धुतलेली खडी भरली, त्यात सहा कमळं रोवली आणि रोज सकाळी अकराला प्रत्येकाला एक-एक कप पाणी पाजलं. आठवड्यात सहा काड्या उरल्या. पाटी मात्र झकास होती, ‘राष्ट्रीय फूल. हात लावू नये.’ लोक काड्यांना वळसा घालून अदबीने जायचे.

शेवटी वरून निरोप आला, तपासणीपर्यंत फूल आलं नाही तर मागच्या अंगणात फरशी घालून गाड्या लावू. त्या अंगणात माळीणमावशीची वीस वर्षं पेरलेली होती. ती तडक चकाचकरावांसमोर उभी राहिली.

“साहेब, कमळाला चिखल लागतो.”

“राष्ट्रीय फूल आणि चिखलात? मावशी, शोभतं का ते?”

“त्याला शोभतं. तुम्हाला शोभत नाही, ते वेगळं.”

तिने माझ्यातल्या खुर्च्या काढल्या, मांजरीला समजावलं, माझं बूच गच्च बसवलं. तळ्यातली चिकणमाती घमेल्यांनी आणली, त्यात कंद लावला, वर पाणी भरलं, डास होऊ नयेत म्हणून चार मासे सोडले. खरं सांगतो, आधी मला लाज वाटली. साहेबांना उजळवणारा मी, आणि पोटात चिखल! पण पहिलं गोल पान वर आलं आणि माझी छाती फुगली. पुढे कळी आली. ऐन तपासणीच्या सकाळी ती उमलू लागली.

मावशी फाटकाशी झाडांना पाणी घालत होती. तेवढ्यात चकाचकराव आले. “पाहुणे येणार आणि हे गढूळ पाणी?” म्हणत त्यांनी बाही वर सारली. बूच काढायचं, घाण सोडून द्यायची, नळाचं स्वच्छ पाणी भरायचं, असा त्यांचा बेत. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी बुचाची साखळी ओढली.

बूच निघालं असतं तर फूल, अंगण, मावशीची वीस वर्षं, सगळं गटारात गेलं असतं. पण मित्रांनो, पोटातलं पाणी धरून ठेवणं हेच तर माझं आयुष्यभराचं काम! मी बूच आवळून धरलं. साखळी त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकली. ते जेवढं ओढत, तेवढी ती घट्ट होई.

“मावशी! अहो, धावा!”

मावशी आली. “बूच काढत होतात ना?”

“आधी सोडवा, मग काय ते बोला!”

“हलू नका. फूल हलतंय.”

एवढ्यात तपासणीच्या मॅडम वीस माणसांसह दाखल! समोर पाहतात तर काय, मुख्य कारकून गुडघ्यांवर, हात चिखलात, नाक फुलापाशी, कपाळावर घाम. मॅडम थबकल्या.

“इतकी कार्यालयं पाहिली. सगळीकडे प्लास्टिकची फुलं खोचलेली. स्वतः चिखलात हात घालणारा माणूस पहिल्यांदा बघतेय! रोज करता?”

चकाचकरावांनी तोंड उघडलं, पण मावशी पुढे झाली. “रोज, मॅडम. सकाळी अकराला.”

मॅडमनी तिथेच शेरा लिहिला, ‘अंगण आहे तसंच राहावं. ही पद्धत चालू ठेवावी.’ मग मावशीने कात्रीने पट्टा कापला. ते घड्याळ अजून माझ्या तळाशी आहे. मासे वेळ बघून जेवतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा जुना टब, पिंप, घंगाळ पडलं असेल. भंगारात देऊ नका. चिखल भरा, पाणी भरा, उन्हात ठेवा आणि एक कमळ लावा. ते उमललं की वाकून बघा. फक्त बूच ओढू नका.

शेरा लेखी असल्यामुळे चकाचकराव आता रोज अकराला येतात. चिखलात हात घालून सडकी पानं काढतात. आधी नाक मुरडायचे, हल्ली गुणगुणतात. बेसूर. मी कुणाला सांगत नाही.