लोविनाने ‘नाही’ म्हटलं

“मनात शांती आहे?” डीकन योस्टने लोविनाला विचारलं.

मी तिच्या शेजारीच बसले होते. सकाळपासून बाकावर बसून कंबर मोडलेली, पोटात कावळे कोकलत होते. मी तिला कोपराने ढोसलं. प्रभुभोजनाआधी आमच्या ख्रिस्ती मंडळीत डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी, प्रत्येकाला हे विचारतो. ‘आहे’ म्हणायचं, की सुटलो. पण एकाच्याही मनात अढी असली, तर प्रभूची भाकर कुणालाच मिळत नाही.

“नाही,” लोविना म्हणाली.

योस्टचा चेहरा पडला. लोविनाचा थोरला मुलगा लेवी योस्टच्याच गवताच्या गाडीखाली गेला, त्याला बरीच वर्षं झाली. त्याच संध्याकाळी ती योस्टच्या दारात जाऊन “माफ केलं” म्हणून आली होती. आम्ही लेकीसुनांना तिचे दाखले देत होतो.

अंगणात मी तिला गाठलंच. “अगं, मेनोचा तरी विचार करायचास! देवाघरी जायच्या आधी ही एवढी भाकर मिळावी म्हणून तुझा नवरा जीव धरून आहे.”

“वर गेल्यावर मलाही जाब द्यायचाय, सेडी. दर खेपेला ‘आहे’ म्हणत आले. योस्टच्या घरी कधी पाणी पिताना पाहिलंस मला?”

कुणाची कोंबडी कुठे अंडं घालते ते मला ठाऊक असतं. हे मात्र दिसलं नव्हतं.

घरी मेनो एवढंच म्हणाला, “माझी वाट अडवलीस.” आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते.

मंगळवारी मी सूप घेऊन गेले, तर दारात योस्ट उभा, हॅट हातात.

“बस,” लोविना म्हणाली. “माझा लेवी कसा गेला ते सांग.”

“तुला माहीत आहे की.”

“कुणी सांगितलं? मी माफ केलं आणि तुम्ही सगळ्यांनी विषय मिटवलात.”

योस्ट हॅटची कड चाचपत राहिला. “घोडा बुजरा होता. मला माहीत होतं. लेवी गाडीवर चढायला नको म्हणत होता. मी हसलो त्याला. ‘घाबरट कुठला’ म्हणालो.” त्याने हॅट टेबलावर ठेवली. “हेच सांगायचं होतं तेव्हा. तू दारातच माफ केलंस. मग सांगायचं कुठे?”

लोविना टेबलावर डोकं ठेवून रडली. लेवीला पुरतानाही ती अशी रडली नव्हती. मला तिचा हात धरायचंही सुचलं नाही.

आतून मेनोने हाक मारली, “योस्ट, इकडे ये.” त्याने सगळं ऐकलं होतं. दोघं बराच वेळ आत होते. योस्ट बाहेर आला तेव्हा लोविनाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

“आता आहे शांती?” त्याने हळूच विचारलं.

“पुरती नाही. रविवारी विचार.”

मेनोला तो रविवार मिळाला नाही. शुक्रवारी पहाटे तो गेला.

योस्ट सगळ्यांच्या आधी आला. कुणाला न विचारता त्याने घमेलं काढलं, पाणी घेतलं आणि पलंगापाशी गुडघे टेकले. प्रभुभोजनानंतर आम्ही एकमेकांचे पाय धुतो, तसे तो मेनोचे पाय धुवायला बसला. लोविना टॉवेल घेऊन शेजारी वाकली. तिने घमेल्यात बोटं बुडवून पाहिली.

“थोडं गरम घाल रे,” ती म्हणाली. “त्यांना गार सोसत नाही.”