सतरा फुल्या

आंधळगावच्या मंगेश सेलोकरला साडेचार वर्षांनी कामाचा फोन आला, आणि तो त्याने नेहमीसारखा उजव्या कानाला लावला. डाव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. उजवा शाबूत होता, पण त्यातही बारीक आवाज शिरत नसत: सायकलची घंटी, कुकरची शिट्टी, रीनाने, त्याच्या पोरीने, गल्लीच्या टोकावरून मारलेली हाक. हे फक्त त्याच्या बायकोला, सत्यवतीला ठाऊक होतं. चौदा वर्षं तो एका लोखंडाच्या कारखान्यात दगड भरडणाऱ्या मशीनजवळ उभा राहिला होता. आधी कान गेले, मग कारखानाच बंद पडला.

पहिलं वर्ष त्याने धावपळ केली. राइस मिल, एमआयडीसी, चौकीदारीची एजन्सी, सगळीकडे अर्ज दिले. दुसऱ्या वर्षी त्याने चौकात जाणं सोडलं, कारण तिथे कोणी ना कोणी विचारायचंच, "काय चालू हाये मंगेश सध्या?" तिसऱ्या वर्षी तो तळ्याकडे जायचा तोही धानाच्या बांध्यांमधून, मागच्या वाटेने. सत्यवती दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जायची, उरलेल्या वेळात ब्लाउज शिवायची. तो घर झाडायचा, पाणी भरायचा, आणि फोन वाजला की दचकायचा.

फोनवर भैय्याजी होते. तुमसरच्या पुढे मँगनीजच्या एका खाणीत माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचे ते मुनशी. म्हणाले, "जमिनीखालचं काम हाये. सोमवारी मेडिकल. पास झाला त पक्कं समज."

मेडिकलमध्ये बाकी सगळं ठीक निघालं. शेवटी डॉक्टर त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात आकडे म्हणू लागले. मंगेशला फक्त कुजबुज जाणवली. पण समोर औषधांचं काचेचं कपाट होतं आणि काचेत डॉक्टरांचे ओठ दिसत होते. मशीनजवळ चौदा वर्षं काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात.

"सत्तावीस," तो म्हणाला. "चौसष्ट. अकरा."

कागदावर शिक्का बसला. त्याचा आनंद जेमतेम तुमसरच्या बसस्टँडपर्यंत टिकला. बसमध्ये बसल्यावर काचेतले ते ओठ त्याला पुन्हा पुन्हा आठवू लागले.

घरी सत्यवतीने विचारलं, "अन् कानाचं?"

"पास झालो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हातातल्या ब्लाउजला टाके घालू लागली. 

दोन आठवडे वर्गात बसवून शिकवलं. मग एका सकाळी पहिल्या पाळीला तो लोखंडी पिंजऱ्यात उभा राहून खाली गेला. पिंजरा सुटला तेव्हा पोट वरच राहिल्यासारखं झालं. हेल्मेटवरच्या दिव्याचा उजेड भिंतीवरून सरसर वर जात होता. खाली उकाडा होता, पायाखाली चिखल, आणि दिवा जिथे वळेल तेवढंच जग. पण या भीतीची तिसऱ्या दिवशी सवय झाली. खरी भीती वेगळी होती, आणि ती पहिल्याच तासाला समोर आली.

टोळीचे मेट, म्हणजे म्होरके, पुंडलिकराव होते. साठीला टेकलेले, बुटके, कमी बोलणारे. सुरुंग उडवल्यावर छतात जे दगड सैल होतात, ते सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, पाडायचे हे मंगेशचं काम. ते पुंडलिकरावांनी त्याला समजावून सांगितलं.

"हे पाह्य बापू. सैल दगड डोयाने दिसत नाही. सब्बलीनं ठोकाचं अन् आयकाचं. ठण्ण वाजलं त दगड पक्का. भद्द वाजलं त वर पोकय हाये. समजलं?"

"हव जी."

"आयक." त्यांनी छताला सब्बल मारली. दोन पावलं सरकून दुसरीकडे मारली. "कोणता खराब?"

मंगेशला दोन्ही आवाज आले. दोन्ही एकसारखे होते, भिंतीपलीकडे कोणी उखळात कांडतंय तसे.  मग त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या ठोक्यानंतर पुंडलिकराव अर्धं पाऊल मागे सरले होते. त्यांच्या नकळत, सवयीने.

"दुसरा," तो म्हणाला.

"शाबास. कान चांगला हाये तुहा."

पुढचे नऊ दिवस मंगेश पुंडलिकरावांच्या पायांवर जगला. ते ठोकायचे तेव्हा तो त्यांचे बूट बघायचा. स्वतः ठोकायची वेळ आली की तो ठोकून त्यांच्याकडे नजर टाकायचा. भुवई हलली की म्हणायचा, "हे पाडतो जी." एकदाही चूक झाली नाही. त्यामुळे भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढत गेली. घरी रीना अभ्यास करता करता टेबलावर पेन आपटताना दिसली तरी तो ओरडायचा, "बंद कर ते!"

रविवारी त्याने अंगणात दोन माठ मांडले. एक चांगला, एक तडा गेलेला. सत्यवतीच्या हाती लाकडी डाव दिला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

"ठोक. कोणताही."

तिने ठोकलं. "फुटका," तो म्हणाला.

"नाही, चांगला होता."

पुन्हा ठोकलं. "चांगला."

"फुटका."

दहा-बारा वेळा असं झालं. कधी बरोबर यायचं, पण ते नुसतं अंदाजाने. सत्यवतीने डाव खाली ठेवला.

"मंग तिथं कसं करता तुमी?"

"पुंडलिकरावकडे पाहातो."

"अन् एखाद्या दिवशी ते नसले त?"

मंगेशने फुटका माठ बाजूला सरकवला. ती त्याच्या समोर येऊन बसली, म्हणजे त्याला तिचं तोंड दिसेल. "सोडून द्या मनावं असं रोज वाटते मले," ती म्हणाली. "पण माह्या तोंडातून निंघत नाही. चार वरस पाह्यले न मी. परत तसे पाहाची मले हिंमत नाही."

त्यालाही नव्हती. सोमवारी तो कामावर गेला.

मंगळवारी पुंडलिकरावांना पलीकडच्या बोगद्यातून बोलावणं आलं. जाताना त्यांनी मंगेशच्या हातात खडू दिला. "मी येईपावतर तू ठोकून ठेव. खराब वाटलं तिथं फुली मार. पाडू नको, मी येऊन पाहातो. प्रविण, तू याच्या संगं राह्य. फुलीखाली जाऊ नको."

प्रविण माल भरणारा होता, पवनीकडच्या कोंढ्याचा, तिशीतला, बडबड्या. त्याला एका जागी उभं राहणं जमत नसे. पुंडलिकरावांच्या दिव्याचा ठिपका वळणाआड गेला आणि मंगेशला वाटलं, कोणीतरी पायाखालची फळी काढून घेतली.

त्याने पहिला ठोका मारला. काही कळलं नाही. पुन्हा मारला. उजवा कान छताकडे वळवला, श्वास रोखला. एकसारखं. त्याने फुली मारली. पुढची जागा. फुली. त्याने डोळे मिटून ठोकलं, हळू ठोकलं, जोरात ठोकलं. छत गप्प होतं. नाहीतर बोलत होतं आणि त्यालाच कळत नव्हतं. 

"सगयंच खराब हाये का गा?" प्रविण हसला.

ते हसणं मंगेशला लागलं. सतरा फुल्या झाल्या होत्या. एकही जागा चांगली नाही असं कसं होईल? पुंडलिकराव काय म्हणतील? भिंतीजवळ एक तुकडा उरला होता. त्याने तिथे ठोकलं. बाकीच्या ठिकाणी आला तसाच आवाज आला. लाजेपोटी, केवळ लाजेपोटी, तिथे त्याने फुली मारली नाही.

प्रविणने छताकडे पाहिलं, फुली नसलेली ती एकच जागा पाहिली आणि तिथे भिंतीला टेकून बसला. पाण्याची बाटली उघडली.

मंगेशला त्याला उठवावंसं वाटलं. पण काय सांगून उठवणार? तो उभा राहिला, आणि प्रविणच्या डोक्यावरच्या दगडाकडे बघत राहिला. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही.

पुंडलिकराव परतले. त्यांनी दिवा वर केला आणि थांबले.

"हे का गा? छताले देवी निंघाल्या का?"

त्यांनी सब्बल घेतली. पहिल्या फुलीवर ठोकलं आणि बाहीने ती पुसली. "पक्का." दुसरी पुसली. "हाही पक्का." एकेक करून त्यांनी सतराही फुल्या पुसल्या. प्रविण मोठ्याने हसत होता. मंगेशला लाज वाटत असतानाही क्षणभर बरं वाटलं. छत चांगलं होतं. कोणाला काही होणार नव्हतं.

जाता जाता पुंडलिकरावांनी सवयीने प्रविणच्या डोक्यावरच्या छताला ठोकलं. मग पुन्हा ठोकलं. सब्बल खाली ठेवून तळहात दगडाला लावला, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने बाजूला हळूच मारलं.

त्यांचे ओठ हलले. मंगेशने वाचलं, "प्रविण, ऊठ. हळू. माह्याकडे ये."

प्रविणचं हसू तोंडावरच राहिलं. तो रांगत बाहेर आला. पुंडलिकरावांनी दोघांना मागे ढकललं, लांब सब्बल फटीत घातली आणि जोर दिला. बैलगाडीच्या चाकाएवढा दगड खाली आला. तो आवाज मंगेशला कानातून नाही, पायांतून कळला. धूळ खाली बसली तेव्हा प्रविणची बाटली कुठे दिसेना.

प्रविण बाजूला जाऊन ओकला. पुंडलिकराव मंगेशच्या डाव्या अंगाला येऊन उभे राहिले. काहीतरी बोलले असावेत. मंगेश दगडाकडेच पाहत होता. मग ते वळसा घालून समोर आले आणि त्याच्या तोंडावर दिवा धरला.

"कवापासून?"

"आठ वरस झाले जी. डावा पुरा गेला. उजव्यानं... मले दोन्ही सारखेच वाटते जी. ठण्ण अन् भद्द."

त्याला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त खाली बसले, आणि पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

"मी तुह्यावर विश्वास टाकून गेलो," ते म्हणाले. "माह्या टोळीत सोळा माणसं हायेत, मंगेश. सोळा खाली आणतो, सोळा वर नेतो. तुले घेऊन मले ते जमनार नाही." मग म्हणाले, "तू सांगतं का मी सांगू?"

"मी सांगतो जी."

पिंजऱ्यातून वर येताना त्याच्या डोक्यात आणखी चार खोट्या गोष्टी येऊन गेल्या. पोटात दुखतं म्हणू. घरून बोलावणं आलं म्हणू. पण प्रविण बाजूला उभा होता आणि त्याचे दात अजून वाजत होते.

भैय्याजींनी सगळं ऐकून घेतलं. "मंग मेडिकल कसा पास झाला तू?"

"कपाटाच्या काचेत डॉक्टरसाहेबाचे ओठ दिसत होते."

भैय्याजींनी समोरचे कागद बाजूला सारले. "केस बी होऊ शकते याच्यात, समजते न? हेल्मेट, बॅटरी, बूट ठेव. निंघ."

घरी त्याने सांगितलं तेव्हा सत्यवतीने आधी विचारलं, "त्या माणसाले लागलं नाही न?" लागलं नाही म्हटल्यावर ती चुलीसमोर जाऊन बसली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पोलीस येतीन का?" त्यानंतर दारावर कोणीही थाप दिली की दोघंही एकमेकांकडे बघायचे. तो पुन्हा मागच्या वाटेने तळ्याकडे जाऊ लागला. आता चौकातल्या लोकांना नोकरी मिळालेली माहीत होती आणि गेलेली माहीत नव्हती.

पोलीस आले नाहीत. बावीस दिवसांनी भैय्याजींचा फोन आला. नाव बघूनच मंगेशने तो सत्यवतीच्या हातात दिला. तिने ऐकलं, "हव जी, हव जी," म्हणाली आणि त्याच्याकडे तोंड करून एकेक शब्द सांगितला.

"पुंडलिकराव तुमच्यासाठी रोज येऊन बसतेत मने त्यायच्याजवळ. वर काम हाये. माल निवडाचं. बायाइचं काम हाये, रोजी कमी हाये. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून कान खराब हायेत असं लिहून आना, मने. खरं तेच लिहून आना."

त्याने कान तपासून घेतले. यावेळी समोर काच नव्हती आणि त्याने डोळेही मिटून घेतले होते. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं ते त्याने दोनदा वाचलं. इतकं कमी ऐकू येतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

आता तो उन्हात, पत्र्याच्या आडोशाला, तेवीस बायकांच्या ओळीत बसतो. हातोडीने ढेकूळ फोडायचं, काळा जड माल एकीकडे, पांढुरका दगड दुसरीकडे. रुखमाबाई म्हणून एक वयस्कर बाई आहेत, त्यांनी शिकवलं. इथे डोळे लागतात, आणि त्याचे डोळे चांगले आहेत. पहिले काही दिवस पाळी सुटल्यावर पुरुष बघून हसायचे. प्रविण हसला नाही. तो एकदा येऊन त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि थोड्या वेळाने उठून गेला.

गेल्या गुरुवारी मंगेश मान खाली घालून काम करत होता. रुखमाबाईंनी त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि पलीकडे बोट दाखवलं. भैय्याजी ऑफिसच्या दारात उभे राहून त्याला हाताने बोलावत होते. बरोबर एक अनोळखी साहेब होता, हातात कागद.

मंगेश उठला. तेवढं चाळीस पावलांचं अंतर चालताना त्याने मनात सगळं ठरवून टाकलं: सत्यवतीला काय सांगायचं, रीनाची फी कशी भरायची, उद्यापासून कोणत्या वाटेने जायचं.  तो भैय्याजींच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या ओठांकडे बघू लागला.

"ती कोपऱ्यातली रास," भैय्याजी म्हणाले. "दुपारी या साहेबाचा ट्रक लागते तिथं. हलवून घेजो. दोघी-तिघी बाया घे संगं."

"हव जी."

"अन् असा घाबरलेला काहून दिसते तू?"

"काही नाही जी."

तो परत आला.  रुखमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"का मने?"

"रास हलवाची हाये मने," तो म्हणाला, आणि खाली बसला.  रुखमाबाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं, मग घमेली गोळा करायला उठल्या. थोड्या वेळाने तोही त्यांच्या मागे गेला.