दाखवायचा फोन

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. तापलेली इस्त्री मी शेजारी पडलेल्या फोनवर टेकवली आणि गिऱ्हाइकाशी बाहीच्या लांबीवरून वाद घालत बसले. वास आला तेव्हा फोन सिमकार्डासकट वितळून टेबलाला चिकटला होता.

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. लिहिणं-वाचणंही सहीपुरतंच. आमची हातवाऱ्यांची भाषा आम्ही लहानपणी घरातच बनवली; आईवडील गेल्यावर ती पुरी जाणणाऱ्या आता आम्ही दोघीच. धाकटी इथून बसने आठ तासांवर एका वसतिगृहात राहते, बेकरीत काम करते. रोज व्हिडिओवर आम्ही हातांनी कडाकडा भांडतो. तिचा एक डोळा लहानपणीच गेलाय. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन त्या महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी ठरलं होतं. ते झालं नाही तर तोही जाणार होता. आणि धाकटी घाबरली की पळ काढते. दातांच्या डॉक्टरकडून ती दोनदा खुर्चीतून उठून पळालेली आहे. तिला समजावणं मलाच जमतं.

शेजारच्या औषधवाल्याच्या फोनवरून लावून पाहिलं. त्याचा कॅमेरा असला सुमार, की हात हलला की बोटं पुसली जायची. धाकटी नुसती मान हलवत राहिली. काही कळत नाही म्हणाली.

म्हणून चौकातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथला विक्रेता पन्नाशीचा, टाय लावलेला. कोट खांद्यात दोन बोटं सैल, म्हणजे दुकानाने दिलेला. त्याने टेबलावर तारेने बांधलेला एक फोन दाखवला. मी त्याच्यासमोर हात नाचवला तर पडद्यावर बोटन् बोट स्पष्ट!

"हाच द्या."

"हा फक्त दाखवायचा आहे, मॅडम. विकायचा माल संपलाय. पैसे भरून नाव नोंदवा. उद्या येतोय."

उद्या! तीस वर्षं शिलाई करतेय मी. कापडाला कात्रीही लागलेली नसते तेव्हा गिऱ्हाइकाला 'उद्या या' कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवायला नको. पण गरजवंताला अक्कल नसते. मी होते नव्हते ते पैसे भरून आले.

दुसऱ्या दिवशी माल वाटेत होता. तिसऱ्या दिवशी गोदामात. पाचव्या दिवशी आला, पण सगळा पिवळ्या रंगाचा.

"मग पिवळा द्या की! मला काय तो अंगावर घालायचाय?"

"तुमची नोंद काळ्याची आहे, मॅडम. रंग बदलायचा तर ग्राहक सेवेला फोन करावा लागेल. आमच्या हातात नाही."

औषधवाल्याच्या फोनवरून ग्राहक सेवेला लावला. एक यंत्रातली बाई अर्धा तास सांगत होती, की माझा कॉल त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे. मग एक माणूस आला.

"तुमच्या नोंदवलेल्या मोबाईलवर एक आकडा पाठवलाय, तो सांगा."

"तो मोबाईल इस्त्रीखाली गेला. म्हणून तर नवा घेतेय."

"समजलं, मॅडम. तुमच्या नोंदवलेल्या मोबाईलवर एक आकडा पाठवलाय, तो सांगा."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. औषधवाल्याने गिऱ्हाइकांकडे पाहत फोन काढून घेतला. तोवर पिवळे फोनही संपले.

असे अकरा दिवस. इकडे शाळेच्या गणवेशांचे साठ स्कर्ट अर्धवट पडलेले. मी रोज दुपारी मशीन बंद करायची, दुकानात जायची आणि 'उद्या' ऐकून परत यायची. घरी येऊन चिडून शिवायची आणि चिडून शिवलेलं संध्याकाळी उसवायची.

गुरुवार उजाडला. दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभी. टायवाल्याने मला पाहिलं आणि खांदे पाडले.

"ताई, खोटं नाही सांगत. उद्या नक्की."

मॅडमची ताई झाले होते, पण फोन नव्हताच. आणि मग माझा बांधच फुटला. भर दुकानात रडले आणि सगळं सांगितलं. बहीण, डोळा, उद्याचं ऑपरेशन. "उद्या तुमचा फोन घेऊन काय चाटू?" असंही म्हणाले.

त्याने दाराकडे एकदा पाहिलं, खिशातून स्वतःचा फोन काढला, त्यातलं सिमकार्ड काढून तारेने बांधलेल्या त्या फोनमध्ये घातलं. "नंबर सांगा."

नंबर मापाच्या वहीत होता. धाकटी आधी दिसलीच नाही, तिच्या खोलीतली मैत्रीण दिसली. तिला आमच्यातले जेव, झोप, चल एवढेच हातवारे येतात. तिने मागे बोट दाखवलं. धाकटी पिशवी भरत होती. कपड्यांची, चपलांची, सगळी. पळायची तयारी.

मला पाहून ती पडद्याला नाक लावून बसली. मी दोन्ही हात मोकळे करून भरभर समजावलं. डॉक्टर चांगले आहेत, भूल देतात, दुखत नाही. बोटन् बोट तिला दिसत होतं. गिऱ्हाइकं गोल करून उभी राहिली होती. राहू देत.

धाकटीने सगळं पाहून घेतलं. मग तळहात डोळ्यांवर ठेवला, काढला आणि विचारलं, पाच दिवस पट्टी असणार. मग तू कोणत्या फोनवर बोलणार?



अकरा दिवस मी कॅमेऱ्यासाठी धावत होते. बांधलेल्या डोळ्याला कॅमेरा काय कामाचा? त्या पाच दिवसांत तिच्याशी बोलायचं तर तिच्या तळहातावर बोटांनी खुणा करूनच बोलावं लागणार. लहानपणी वीज गेली की आम्ही तसंच बोलायचो. आणि त्यासाठी बसचे आठ तास. अकरा दिवसांत मी चारदा जाऊन आले असते! स्कर्टांच्या नावाने, फोनच्या नावाने मी घरीच बसले होते. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

येते, मी हातांनी म्हटलं. आज. आत्ता.

धाकटीने पिशवीकडे पाहिलं. खरं की गिऱ्हाइकाला सांगतेस तसं?

खरं.

तिने पिशवी पालथी केली.

"ताई, उद्या फोन आला तर?" टायवाल्याने विचारलं.

"ठेवा सांभाळून. आणि तो कोट घेऊन या माझ्याकडे. खांदे आत घेऊन देते."

शुक्रवारी दुपारी धाकटीला खोलीत आणलं. डोळ्यावर जाड पट्टी, तोंड कोरडं, उजवा हात गादीवर काहीतरी चाचपडणारा. मी तो धरला. तिने आधी माझं बोट तपासलं, सुईने टोचून खरखरीत झालेलं टोक, आणि तिचा सगळा हात सैल पडला. बराच वेळ तिने ते बोट सोडलं नाही.

मग माझा तळहात उघडून त्यावर तिने हळूहळू विचारलं, फोन मिळाला?

मी तिच्या तळहातावर उत्तर दिलं. उद्या.

हसून तिचं पोट हलायला लागलं. टाके ताणतील म्हणून नर्स आम्हा दोघींवर ओरडली, पण ते धाकटीला ऐकू आलं नाही.