छापा पडला तर ‘हो’ म्हणा

आरोग्याच्या पाहणीसाठी घरी आलेली बाई घसा सुकेपर्यंत समजावत होती. “आजोबा, नाणं मला न दाखवता उडवा. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणा. काटा पडला तरच खरं सांगा. मग ‘हो’ तुमचं की नाण्याचं, मला कळणारच नाही. चोरून झोपेच्या गोळ्या घेता?”

आजोबांनी नाणं उडवलं, झेललं आणि सरळ मूठ उघडली. “छापा. पण माझं उत्तर ‘नाही’! नाण्याचं ऐकून खोटं बोलू?”

बाईने कपाळावर हात मारला. “सगळे असंच वागले तर ‘हो’ म्हणणारा उघडा पडेल!”

मग आजींनी नाणं उडवलं, मुठीत घट्ट धरलं. मूठ किंचित उघडून पाहिली, पुन्हा मिटली नि म्हणाल्या, “हो.”

“दाखव बघू!” आजोबा मूठ सोडवायला सरसावले.

बाईने नाणं हिसकावून न बघताच पिशवीत टाकलं. “आजोबा, तुमच्या खरेपणापुढे मी हात टेकले!”