साबणाचं सील

बाळने मोटरसायकल गॅरेजच्या दारात आणून उभी केली आणि किल्ली फिरवली, तरी इंजिन थांबेना. मूठ सोडलेली असताना ते आपलंआपणच किंचाळत होतं. शेवटी त्याने गियर टाकून क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला आणि गप्प झाली.

चाळिशी उलटली तरी घरात त्याला बाळच म्हणत. वडिलांनी हे गॅरेज उभं केलं आणि दोन्ही मुलांना हाताशी धरून इंजिनं खोलायला शिकवलं. थोरली त्यात रमली. वडील गेल्यावर गॅरेज तिनेच चालवलं, आणि आजूबाजूचे सगळे, तिच्याहून मोठेसुद्धा, तिला ताई म्हणू लागले. बाळला हात काळे करणं कधी मानवलं नाही. तो जुन्या गाड्या शोधायचा, रंगरंगोटी करायचा आणि शौकिनांना विकायचा. बोलण्यात असा गोड की समोरच्याला आपण फसलोय हे घरी पोचेपर्यंत कळू नये.

ही गाडी चाळीसेक वर्षांपूर्वीची, टू-स्ट्रोक, टाकीवर नवा चेरीसारखा रंग. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. रेस आपोआप चढते, तेवढी स्क्रू फिरवून उतरवून दे, असं बाळचं म्हणणं. खोलत बसू नकोस, हे त्याने दोनदा बजावलं आणि समोरच्या टपरीवर चहाला गेला.

स्क्रू फिरवून आजार झाकायचा, हे ताईला जमणारं नव्हतं. तिने आधी केबल पाहिली. केबल मोकळी होती, हँडल डावी-उजवीकडे वळवलं तरी ताणली जात नव्हती. कार्बोरेटर उघडला. मुठीबरोबर वर-खाली होणारा आतला पिस्टन अडकत नव्हता, पण तळाशी जुन्या पेट्रोलचा चिकट, तपकिरी गाळ बसला होता, आंबलेल्या व्हार्निशसारखा वास मारणारा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कधीकाळी घर केलेलं, कापूस आणि लेंड्या तशाच. वरून आरशासारखी चमकणारी गाडी आतून कुणी पुसलीसुद्धा नव्हती. तोंडाला फडकं बांधून तिने सगळं साफ केलं, जोडलं आणि इंजिन चालू केलं. थोडं तापलं आणि रेस पुन्हा चढली.

तिने चोक ओढून पेट्रोल वाढवलं, तशी रेस खाली आली. प्लग काढून पाहिला, तर बिस्किटाच्या रंगाचा असायला हवा तो खडूसारखा पांढरा. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं आणि कुठूनतरी फुकटची हवा आत शिरत होती. तिने ब्रशने कार्बोरेटरच्या जोडावर पेट्रोल सोडलं. तिथून हवा शिरत असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. बदलला नाही. उरली एकच जागा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी खालच्या पेटीत जातात. त्या पेटीतून दांडा बाहेर येतो तिथे रबराचं सील असतं. ते गेलं की इंजिन तिथून हवा ओढतं, मूठ सोडली तरी धावत राहतं.

तिने बाजूचं झाकण काढलं, दांड्याच्या टोकावरचं जड चक्र पुलर लावून ओढून काढलं आणि दोन पावलं मागे सरली.

सीलच्या जागी हिरवट-करडा लगदा भरला होता. तापून वितळलेला, पुन्हा थिजलेला, वरून तेलाने आणि धुळीने माखलेला. त्याला औषधी साबणाचा वास होता, आणि त्या वासाखाली काहीतरी करपट. स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं तर तार सुटावी तसा तो लांब ओढला गेला. तारेबरोबर एक केस आला. लांब, पांढरा. मग आणखी एक.

तिने केस उजेडात धरून पाहिला. त्वचेचा त्रास सुरू झाल्यापासून आई हाच हिरवा साबण वापरायची, आणि न्हाऊन झाल्यावर तिचे केस वडीला चिकटलेले असायचे. आई बाळकडे राहत होती.

गळकी टाकी तात्पुरती बुजवायला साबण लावतात, हे वडिलांनीच दोघांना दाखवलं होतं. पण ती टाकी. हे सील होतं, आणि ते गेलं की काय होतं हे बाळला तिच्याइतकंच ठाऊक होतं. चक्र काढता येणारा, जागा नेमकी माहीत असणारा माणूस आईच्या न्हाणीघरातली साबणाची वडी घेऊन बसला होता. तिने खाली वाकून पाय ठेवायची दांडी पाहिली. ती वाकून पुन्हा सरळ केलेली होती. हँडलच्या टोकाला नव्या रंगाखाली खरवडल्याच्या खुणा होत्या. म्हणजे कुणीतरी चालवत असताना गाडी पडली होती.

बाळ परत आला तेव्हा चक्र बाकावर होतं. तो आधी चिडला, मग हसला. सील मागवायला वेळ लागतो, गिऱ्हाईक थांबत नाही, आणि असलं काम सगळेच करतात, असं म्हणाला. आधी कुणाला विकली होतीस, असं तिने विचारल्यावर त्याने अगदी सहज सांगितलं. पलीकडच्या शाळेत चित्रकला शिकवणारे एक सर होते. साबण लावलेली गाडी त्यांनी महिनाभर छान चालवली. मग एका वळणावर गाडी हातातून सुटली, सर भिंतीवर गेले, खांद्याचं हाड मोडलं. बाळ फुलं घेऊन दवाखान्यात गेला होता. तिथेच, त्यांच्या खाटेशेजारी बसून, मोडकी गाडी कोण घेणार म्हणत त्याने ती पडत्या भावात परत घेतली.

"ते तुला काही बोलले नाहीत?" ताईने विचारलं.

"आभार मानले. त्यांना वाटतं, चुकून त्यांच्याकडूनच मूठ पिळली गेली. आपण कशाला सांगायचं?"

ताईला त्याच्याकडे बघवेना. लहानपणी ज्याचं नाक तिने आपल्या ओढणीने पुसलं होतं, त्या तोंडाची तिला शिसारी आली.

गिऱ्हाईक दिवस मावळायच्या आत आलं. बेकरीचा मालक, नीटनेटका, हळू बोलणारा. ताईने भावाला तोंड उघडू दिलं नाही. उघडं इंजिन दाखवलं, लगदा दाखवला, आधीच्या माणसाचं काय झालं तेही सांगितलं. तो आता संतापेल, निदान पाठ फिरवून जाईल, असं तिला वाटलं होतं. बेकरीवाल्याने रुमाल नाकाला लावून लगद्याकडे नीट पाहिलं. गाडी त्याला जावयाला भेट द्यायची होती. समारंभात ती एकदा चालू झाली पाहिजे, पुढचं पुढे. जावई तसा सावकाश चालवतो. मात्र एवढा दोष आहे म्हटल्यावर भाव उतरायला हवा, असं तो बाळकडे वळून म्हणाला. आणि बाळही लगेच घासाघीस करू लागला. त्या घाणीच्या वर वाकून दोघं हसतखेळत बोलत होते, जणू मंडईत वांगी निवडताहेत.

ताईने चक्र उचललं, आतल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

"नवं सील येईपर्यंत हे माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "गाडी माझ्या दारातून अशी जाणार नाही. पोलिसांत जायचं असेल तर जा. जाताना त्या सरांनाही बरोबर घे."

बेकरीवाला पुन्हा फिरकला नाही. बाळ मात्र घरी जाऊन आईजवळ रडला असावा, कारण थोड्या वेळाने आईचा फोन आला. भाऊ आहे तुझा, त्याचं नाव खराब करून तुला काय मिळणार, असं आई म्हणत राहिली. ताईने साबणाचं सांगितलं, केसांचं सांगितलं. आई म्हणाली, मागे नवीन काढलेली वडी दोन दिवसांत नाहीशी झाली होती, मी म्हणते गेली कुठे. बस, एवढंच. ताईने फोन ठेवला आणि मोरीवर जाऊन गार पाण्याने तोंड धुतलं.

सील आलं. तिने पेटी पेट्रोलने धुतली, कोपऱ्याकोपऱ्यातला साबण खरवडून काढला, सील बसवलं. मूठ सोडली की इंजिन आता शहाण्यासारखं टकटकत खाली येत होतं. एरवी असा आवाज ऐकला की तिला बरं वाटायचं. या वेळी काही वाटलं नाही. बाळने माणूस पाठवून गाडी नेली, स्वतः आला नाही.

मग तिने शाळेत विचारून सरांचं घर गाठलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले ब्रश. सरांचा उजवा हात अजून खांद्यापर्यंत उचलला जात नव्हता. बाळची बहीण म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. फार भला माणूस, दवाखान्यात भेटायला आला होता, ते म्हणाले.  त्यांनी पुढे केलेला चहाचा कप ताईने खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, काही न गाळता.

सर आपल्या हाताकडे बघू लागले. पडल्यापासून त्यांनी सायकललाही हात लावला नव्हता. मुलीला मागे बसवायचं नाही, असं बायकोने बजावलं होतं, आणि त्यांनाही ते पटलं होतं. आपला हात ऐन वेळी दगा देतो, असं ते धरून चालले होते.

"म्हणजे मी मूठ पिळली नव्हती."

"नाही. तुम्ही सोडली असणार. इंजिन थांबलं नाही."

 बाळला ते शिवी देतील, असं ताईला वाटलं. दिली असती तर तिला हलकं वाटलं असतं. पण ते उठले, दाराशी गेले आणि आत बायकोला हाक मारली. मग ताईकडे वळले.

"हे तुम्ही पुन्हा सांगाल? तिच्यासमोर? आणि उद्या पोलिसांनी विचारलं तर तिथेही?"

"सांगेन," ताई म्हणाली.

सरांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून दारातच थबकली. ताईने तिला बसायला सांगितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भावाचं नाव घेताना तिचा आवाज अडखळला नाही.