डबी हलकी झाली

घराला कुलूप लावून निघाल्यावर अर्ध्या जिन्यातून परत येऊन ते ओढून पाहणारी माणसं पुष्कळ असतात. ही बाई पार रस्त्यापर्यंत जायची, परत वर यायची, कुलूप ओढायची आणि पुन्हा उतरता उतरता शेजारणीला सांगायची, "जरा लक्ष असू द्या हं." मजल्यावरच्या लोकांनी तिचं नाव कडीबाई ठेवलं होतं. चर्चमध्येही ते नाव तिच्या आधी जाऊन बसलं. रविवारी कुणाला कशासाठी प्रार्थना हवी आहे ते विचारताना पाळकसाहेब तिच्याकडे बघून म्हणायचे, "कडीबाईंचा विषय आम्हाला पाठ आहे. सांभाळ, सांभाळ आणि सांभाळ." सगळे हसायचे. तीही हसायची, पण विषय काही बदलायची नाही.

अशा बाईला लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा मिळावा, यात देवाची काहीतरी गंमत असणार. मिस्त्री सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन निघायचे आणि दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या काळोख्या खड्ड्यात, डोक्यावर टांगलेल्या लिफ्टखाली बसून काम करायचे. ती घरी मशीनवर लोकांचे पडदे शिवायची. संध्याकाळी जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. बूट कुणा दुसऱ्याचे निघाले तर तेवढ्यापुरता त्या माणसाचाही तिला राग यायचा.

पण या खेपेची भीती उगाच नव्हती. एका दवाखान्याची लिफ्ट वरच्या मजल्यावरून कोसळली होती. आत साफसफाई करणारी एक बाई होती, ती जागीच गेली. त्या लिफ्टचा दोर झिजलाय, त्याच्या तारा सुटायला लागल्यात, हे मिस्त्रींनी इमारतीच्या मालकाला आधीच सांगितलं होतं. लिफ्ट बंद करून दारावर पाटीही लावली होती. मालकाने त्यांच्यादेखत पाटी काढली, बटण चालू केलं आणि म्हणाला, "अजून महिनाभर ओढेल. तू तुझं काम कर." हे बोलणं दोघांखेरीज कुणी ऐकलं नव्हतं. आता मालक म्हणत होता की आपल्याला कुणी काही सांगितलंच नाही, त्या बाईनेच ढकलगाडीवर भलतं वजन भरलं. म्हणजे मेली तीही ती, आणि दोषही तिचाच. चौकशी गुरुवारी होती, आणि मिस्त्रींना तिथे बोलावलं होतं.

गुरुवारच्या आधीच्या आठवड्यात एक माणूस घरी आला. चांगले इस्त्रीचे कपडे, गुळगुळीत दाढी, आवाज लोण्यासारखा. त्याच्या हातात त्यांच्या मुलीची, छोटीची पाण्याची बाटली होती.

"ताई, तुमच्या मुलीची ना ही? शाळेबाहेर विसरली होती. म्हटलं, जाता जाता देऊन टाकू."

कडीबाईने बाटली घेतली. छोटी दुसरीत होती, बाटली विसरणं हे तिचं रोजचंच काम. माणूस आत येऊन बसला, पाणी मागून प्यायला, मशीनवरच्या पडद्याला हात लावून कापडाचं कौतुक केलं.

"गोड आहे हो पोर. पण चालते अगदी रस्त्याच्या कडेने. गाड्या किती जोरात जातात, बघताय ना? जपा तिला." मग उठता उठता म्हणाला, "मिस्त्रींना सांगा, फार डोक्याला ताप करून घेऊ नका. कुणी विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. विसरणं काही गुन्हा नाही."

तो गेल्यावर कडीबाईने बाटली तीनदा घासली आणि शेवटी कचऱ्यात टाकली. आतल्या खोलीतून सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांना आता फारसं दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. "कोण गं हा गुळचट मेला?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्या दिवसापासून घरात त्याचं नाव गुळचट पडलं. नाव ठेवल्याने भीती थोडी कमी होते म्हणतात. कडीबाईची काही झाली नाही.

मिस्त्रींना तिने सगळं सांगितलं. ते हाताचं ग्रीस पुसत ऐकत होते. ते शूर नव्हते, आणि तसा आवही आणत नव्हते.

"मलाही भीती वाटते गं," ते म्हणाले. "खरं बोलावं तर छोटी आहे. गप्प बसावं तर ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. मला काही सुचत नाही. गुरुवारी सकाळी डबीत जे निघेल, ते प्रभूचं उत्तर समजेन."

ही डबी म्हणजे घरातली वचनांची डबी. तळहातावर मावेल एवढी लाकडी, आत कागदाच्या बारीक बारीक सुरळ्या दाटीवाटीने उभ्या, आणि प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वचन छापलेलं. सासूबाईंच्या लग्नात आली होती. रोज सकाळी प्रार्थना झाली की घरातला प्रत्येकजण चिमट्याने एक सुरळी ओढायचा, मोठ्याने वाचायचा आणि संध्याकाळी परत ठेवायचा. पाळकसाहेबांना ही चाल फारशी पसंत नव्हती. देवाचं बोलणं असं चिमट्याने ओढायचं नसतं, म्हणायचे. पण मिस्त्री त्या बाबतीत ऐकत नसत. लग्नाला हो म्हणण्याआधीही त्यांनी सुरळी काढली होती, आणि हे कडीबाईला माहीत होतं. तिने काय निघालं होतं ते कधी विचारलं नाही.

तर उत्तर डबीतून येणार होतं. आणि डबीत काय काय आहे, हे कडीबाई पुरतं जाणून होती. आसऱ्याची वचनं होती, पंखांखाली झाकून घेणारी होती, पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून दुसरीही उभी होती. आपला वधस्तंभ उचलून मागे ये म्हणणारं. जीव वाचवायला जाशील तर गमावशील म्हणणारं. लांडग्यांत मेंढरं पाठवतो म्हणणारं. यातलं एखादं गुरुवारी निघालं की संपलंच.

मंगळवारी दुपारी छोटी शाळेत आणि सासूबाई पलंगावर आडव्या झालेल्या असताना तिने दाराची कडी लावली, डबी मांडीवर घेतली आणि तांदूळ निवडावेत तशी वचनं निवडायला बसली. एकेक सुरळी उलगडायची, वाचायची. सोपं निघालं तर परत डबीत. अवघड निघालं तर पडद्यांच्या हुकांच्या डब्यात. "रागावू नकोस रे प्रभू," ती पुटपुटत होती. "तुझं सगळंच बोलणं खरं आहे. फक्त एवढ्या गुरुवारपुरतं निवडक बोल." आपण देवाच्या तोंडावर हात ठेवतोय, हे तिला कळत होतं. तरी तिने हात काढला नाही. पंखांखाली बस म्हटल्यावर माणूस उठून बाहेर कशाला जाईल, असा तिचा साधा हिशेब होता.

निवडून झाल्यावर पाहते तर डबी निम्मी रिकामी. उरलेल्या सुरळ्या आडव्या पडायला लागल्या. मग तिने पडद्याच्या कापडाची एक चिंधी घडी करून तळाशी आणि कडेला कोंबली, तेव्हा कुठे त्या उभ्या राहिल्या.

बुधवारी सकाळी सासूबाईंनी डबी हातात घेतली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली.

"डबी हलकी झाली गं," त्या म्हणाल्या.

"जुनं लाकूड, आई. वाळलं असेल."

"असेल," म्हणाल्या, आणि चिमटा सुनेच्या हातात दिला.

गुरुवार उजाडला. कडीबाईने छोटीला शाळेत पाठवलंच नाही, सर्दी झाली म्हणाली. छोटीला सर्दी नव्हती, त्यामुळे ती फार खुशीत होती. प्रार्थना झाली. मिस्त्रींनी डोळे मिटून चिमटा घातला, सुरळी ओढली, उलगडली. मी तुझ्याबरोबर आहे, तुला कुणी इजा करणार नाही, अशा अर्थाचं ते वचन होतं. कडीबाईने मनात आमेन म्हटलं.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. महिनाभर वर चढलेले त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"झालं तर मग," ते म्हणाले. "आता भ्यायचं कशाला? सगळं सांगून टाकतो."

कडीबाईला आपण काय ऐकतोय तेच कळेना. "अहो, तो सांभाळीन म्हणतोय. गप्प राहिलात की सांभाळेल."

"ते अर्धंच आहे," सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. त्यांना सगळं पाठ होतं. "एवढ्याशा कागदावर मावलं नसेल. त्याच्या आधी प्रभू सांगतो, बोल, गप्प बसू नकोस."

मिस्त्री हसले. कितीतरी दिवसांनी हसले. बुटांच्या नाड्या बांधताना म्हणाले, "खरं सांगू? वधस्तंभाचं निघालं असतं ना, तर मी जाऊन आठवत नाही म्हणून आलो असतो. माझी तेवढी छाती नाही. म्हटलं असतं, प्रभू, माफ कर, पोर लहान आहे. पण तूच सांभाळतो म्हटल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

कडीबाईला आता कळलं. त्यांना पाठवत होती ती. देव नव्हे, ती. अवघड वचनं असती तर हा माणूस घाबरून परत आला असता, आणि तिने त्यांना एकेक करून धीराची वचनं ओंजळीत दिली होती. अजून वेळ गेली नव्हती. हुकांचा डबा मशीनवर होता. तो उघडून पुढे धरला आणि एवढंच म्हटलं, की हे उत्तर प्रभूचं नाही, मी ठेवलंय, की संपलं. छोटी सुरक्षित, घर सुरक्षित.

ती डब्यापर्यंत गेली. झाकणावर हातही ठेवला. मिस्त्रींनी वर पाहिलं. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. ती भीती परत आणायची तर कडीबाईलाच आपल्या हाताने आणावी लागणार होती, आणि मग हा माणूस जन्मभर आठवत नाही म्हणणारा माणूस होऊन संध्याकाळी जिना चढणार होता. बुटांचा आवाज तोच, पण आत कोण?

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "मीही येते."

"छोटी माझ्यापाशी राहील," सासूबाई लगेच म्हणाल्या. "जा तू. कडी मी लावते."

जिना उतरताना कडीबाई अर्ध्यातून परत गेली नाही. 'मी तुझ्याबरोबर आहे' असं वचन डबीत ठेवलं होतं तिने, आता बरोबर जाणं तिच्यावर आलं होतं. प्रभू आपलं आपण बघेल, निदान तिने तरी खोटं पडायला नको.

चौकशीची खोली अगदी साधी होती. एक लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, मागे बाकं. पुढच्या बाकावर मेलेल्या बाईची आई बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन. मिस्त्रींना टेबलापुढच्या खुर्चीत बसवलं. कडीबाई मागे बसली, आणि तिच्या शेजारी कुणीतरी हळूच येऊन टेकलं. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचे कपडे.

अधिकाऱ्यांनी नाव-काम विचारून झाल्यावर विचारलं, "दोराबद्दल तुमचं मालकांशी काही बोलणं झालं होतं?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळचा धीर या खोलीत येईपर्यंत अर्धा झाला असावा. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं.

"आज छोटी शाळेत गेली नाही वाटतं," गुळचट तिच्या कानाशी पुटपुटला. "बरं नाही का तिला?"

छोटी घरी आहे, सोबतीला एक डोळ्यांनी अधू म्हातारी आहे, आणि याला सगळं ठाऊक आहे. तिने नुसती 'नको' अशी मान हलवली असती तरी पुरे होतं. मिस्त्री तेवढ्यासाठीच थांबले होते.

ती उठून उभी राहिली.

"बाई, बसून घ्या," अधिकारी म्हणाले.

"बसले की मी त्यांना दिसत नाही," ती म्हणाली. तिने पुढचं बाक दोन्ही हातांनी धरलं होतं. मेलेल्या बाईची आई वळून तिच्याकडे बघायला लागली.

"झालं होतं," मिस्त्री म्हणाले. "मला आठवतंय." आणि त्यांनी सांगितलं. पाटी, बटण, महिनाभर ओढेल, सगळं. सांगून होईस्तोवर ती उभीच होती. शेजारची जागा कधी रिकामी झाली ते तिला कळलं नाही, आणि तो तिथून कुठे गेला असेल, याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

संध्याकाळी दिवे लागल्यावर चौघं खोलीत बसली होती. मिस्त्रींनी खिशातली सुरळी काढून डबीत ठेवली आणि त्यांच्या बोटाला चिंधी लागली. ती त्यांनी ओढून बाहेर काढली. उरलेल्या सुरळ्या भराभर आडव्या झाल्या. कडीबाईने हुकांचा डबा आणला आणि त्यांच्यापुढे ओतला. मिस्त्रींनी एकेक सुरळी उचलून वाचली. वधस्तंभाची आली तेव्हा जरा जास्त वेळ लागला.

"सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आठवत नाही म्हणाला असता."

मिस्त्रींनी ती सुरळी पुन्हा घट्ट गुंडाळली आणि डबीत उभी केली. मग दुसरी केली. छोटीही हुक बाजूला काढून कागद गोळा करायला लागली. तेवढ्यात खाली रस्त्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली आणि तिचं इंजिन चालूच राहिलं. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मग सासूबाईंनी चाचपडत डबी जवळ ओढली, हात पुढे केला, आणि कडीबाईने जमिनीवरची एक सुरळी उचलून त्यांच्या हातात दिली.